अख्ख्या कारखान्याचा भाव

रामकिसन कुणाच्या घरी गेला की घरातल्या बायका तान्ही पोरं आत नेत. पोराला एकदा हातांवर घेतलं की तो सहज बोलून जायचा, "साडेआठ किलो भरंल." मग दृष्ट लागते म्हणून मीठमोहऱ्या उतरवाव्या लागत. बाजारातला भोपळा, लग्नातला परातभर भात, एसटीच्या टपावर चढवलेलं गाठोडं, जे दिसेल ते त्याच्या मनात आपोआप तोललं जायचं. त्याला तो तरी काय करणार! मिसरूड फुटायच्या वयात तो सहकारी साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावर बसला आणि केस पिकल्यावर तिथून उठला. भरलेली गाडी तोलायची, ऊस टाकून ती परत आली की रिकामी तोलायची, रिकामीचं वजन भरलेल्यातून वजा करायचं आणि उरेल ते पावतीवर लिहायचं. हेच त्याचं सगळं आयुष्य.

उरलेलं ते शेतकऱ्याचं. गाडी जड की हलकी, टायर नवे की घासलेले, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. गाडी वजा व्हायचीच.

त्याची एक सवय मात्र पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. भरलेली गाडी काट्यावर येण्याआधी तो खिडकीतून ओरडायचा, "कडबा उतरव आधी, मंग घे काट्यावर!" गाडीवान लोक वाटेत बैलांना घालायला कडब्याच्या पेंढ्या उसावर टाकून आणत, पाण्याची घागर बांधून आणत. ते सगळं खाली. संचालकाच्या भावकीतली गाडी असो की ऊसतोड टोळीतल्या नवख्या पोराची, पेंढी खाली आल्याशिवाय काट्याचा आकडा तो बघत नसे. त्यामुळे रामकिसनच्या पावतीवर कुणी भांडायला गेलं नाही. पुढे पुढे भाऊभाऊ वेगळे होताना धान्य मोजायलाही त्यालाच बोलावू लागले. गाव त्याला नाना म्हणायचं, आणि नाना म्हणाले म्हणजे झालं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पगार बेताचाच होता, पण हे 'म्हणजे झालं' त्याला पगाराहून गोड लागायचं.

तो निवृत्त झाला त्या साली पाऊस नव्हता, आणि आधीच्या सालीही नव्हता. शेतात ऊसच नाही म्हटल्यावर कारखान्याचं धुराडं थंड पडलं. परळीच्या वीजकेंद्राचा धूरसुद्धा पाण्यावाचून थांबला. राखेने कायम करड्या दिसणाऱ्या परळीच्या वाटेवरच्या बाभळी आता कुठे बाभळीच्या रंगाच्या दिसायला लागल्या, असं एसटीतले लोक म्हणत. घाटनांदूरच्या अलीकडे, रामकिसनच्या गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी पडली. चारा तोलून द्यायला माणूस हवा होता. दुसऱ्या कुणाचं नाव निघायचा प्रश्नच नव्हता.

"जा बाई एकदाचे," बायनाबाई, त्याची बायको, म्हणाली. "घरात बसून मलाच तोलायलेत."

छावणीत तो खुश होता. गावातली आणि आसपासच्या वस्त्यांवरची जनावरं तिथे दावणीला, आणि जनावरांमागे माणसंही तिथेच. बायका तिथेच चूल मांडत, पोरं तिथेच अभ्यास करत. रोज सकाळी ओळीने लोक येत, रामकिसन चारा तोलून देई, आणि ऊन कललं की काट्याशेजारच्या कापडी मांडवात चहा होई. शेती बंद, त्यामुळे बोलायला वेळच वेळ.

तिथे पंडित यायचा. त्याचं घाटनांदूरला मोबाईलचं दुकान होतं आणि छावणीत त्याच्या दोन म्हशी होत्या. म्हशींकडे त्याचा बाप बघायचा, पंडित मोबाईलकडे. एका दुपारी त्याने मोबाईल रामकिसनपुढे धरला.

"नाना, हे बघा. गोदातीर शुगर्स. शेअर बाजारातली कंपनी हाय. नऊ रुपयाला शेअर."

"आमचाबी शेअर हाय की," रामकिसन म्हणाला. "भिंतीवर चौकटीत हाय. बापानं घेतलेला."

"त्यो सहकारातला. त्याचा भाव कवा हालतो का? तुमच्या बापानं जेवढ्याला घेतला तेवढ्यालाच हाय अजून. ह्यो बघा, सकाळी नऊ रुपये हुता, आता नऊ रुपये दहा पैसे."

रामकिसनने मोबाईल हातात घेतला. चहा उकळून वर यायच्या आत तो आकडा दोनदा बदलला. त्याच्या घरातला शेअर म्हणजे बापाचं नाव, कारखान्याचा शिक्का, वार्षिक सभेतलं जेवण आणि दिवाळीला सभासदांच्या भावाने मिळणारी साखर. तो कधी हलला नव्हता. आणि हलला असता तर रामकिसनला भिंतच हलल्यासारखं वाटलं असतं. हा नवा शेअर जिवंत होता. काट्याच्या सुईसारखा थरथरत होता.

"आन् अख्खा कारखाना घ्यायचा म्हणलं तर?" त्याने विचारलं.

"सोपंय. दहा कोटी शेअर हायेत. गुणिले नऊ. नव्वद कोटी."

"गाळप किती रोजचं?"

"पाच हजार टन लिहिलंय."

म्हणजे त्यांच्या कारखान्याएवढाच. कारखान्यात संचालक लोकांची बोलणी रामकिसनच्या कानावर पडलेली होती. तसा कारखाना, वीजनिर्मिती आणि मद्यार्काची आसवनी धरून, नव्याने उभा करायचा तर चारशे कोटी लागतात, हे त्याला पाठ होतं. चारशेची वस्तू नव्वदला! त्याच्या तोंडून निघून गेलं, "स्वस्त हाय. लई स्वस्त हाय."

मांडवातले लोक वळून बघायला लागले. रामकिसनने 'स्वस्त' म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तो नेहमी वजन सांगायचा, भाव दुसरे लावायचे.

आसाराम पुढे सरकला. रामकिसनच्या बांधाला बांध असलेला हा शेजारी. छावणीतली सगळ्यात देखणी बैलजोडी त्याची होती. पांढरी, खांद्याला उंच. सकाळ-संध्याकाळ ती छावणीच्या टाकीवरून वस्त्यांना पाणी वाहायची. दुष्काळात बैलांना किंमत नव्हती. व्यापारी चाळीस हजार म्हणत होता आणि आसाराम महिनाभर नाही म्हणत होता.

"नाना, तुमी स्वतः घेणार का?"

"फंडाचा अर्धा पैसा घालीन म्हणतो."

"मंग माझं ठरलं. आयतवारी बाजार हाय. जोडी ईकतो आन् समदे ह्याच्यात घालतो. बैल बसून चारा खातेत. शेअर काय चारा खात न्हाई."

"अन् गाडीला काय तुझ्या बायकूला जुपतू का रं?" कोपऱ्यातून छबुबाई म्हणाली. तिची एकच गाय होती आणि जीभ सगळ्या छावणीला पुरेल एवढी.

"पाऊस पडला की दुप्पट होतेत आजी. मंग नवी जोडी घेऊ."

"व्हय, बैल काय मोबाईलमधी येतेत."

लोक हसले. रामकिसनही हसला. घरी जाताना त्याची छाती किंचित फुगलेली होती. आयुष्यभर उसाच्या मोळ्या तोलल्या, आता अख्खा कारखाना तोलला.

बायनाबाई भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. फंडातून म्हशींना पक्कं शेड बांधायचं, हे दोघांचं ठरलेलं होतं. तिने त्याची आठवण काढली नाही. तिने दोनच गोष्टी विचारल्या.

"त्या कंपनीचा शेअर घेतला की दिवाळीला साखर देतेत का?"

"न्हाई देत. ती कंपनी हाय."

"मंग शेअर कशाचा?" तिने भाकरी उलटली. "आन् एवढा स्वस्त हाय, तर मालकानं ईकायला काढला कावून?"

"मालक एक न्हाई गं. बाजारात लई लोक असतेत. त्यांला कळत नसंल."

"समद्यांला कळंना आन् पंडितला कळलं," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली. मग तव्याकडेच बघत, "सनवारी कौशल्या यायलीय. तिच्या कानावर घाला."

कौशल्या त्यांची लेक. परळीच्या कॉलेजात अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवायची. फोनवर बापाचं बोलणं ऐकून तिने कंपनीचा वार्षिक अहवाल कॉलेजातून छापून आणला. शनिवारी दुपारी तो ओट्यावर पसरून दोघं बसली.

"नाना, नव्वद कोटी ही मालकांच्या हिश्श्याची किंमत झाली," ती म्हणाली. "कारखान्याची नाही."

"मालकाचा हिस्सा घेतला म्हंजी कारखाना घेतला. दुसरं काय ऱ्हातं?"

"कर्ज राहतं. हे बघा, बँकांचं कर्ज चारशेवीस कोटी. जो कोणी सगळे शेअर घेऊन कारखाना ताब्यात घेईल, त्याच्या गळ्यात हे कर्ज येतं. म्हणून शेअरची किंमत अधिक कर्ज, आणि त्यातून हातातली रोकड वजा. ती खरी किंमत. एंटरप्राइज व्हॅल्यू म्हणतात तिला. सगळ्या धंद्याचं मोल."

"पण मी कुठं कारखाना ताब्यात घ्यायलोय? मी पाच-पन्नास हजाराचे शेअर घेणार. बँक माझ्या दारात येनार हाय का?"

"नाही येणार. पण कमाईतून आधी बँकेचं व्याज जातं, मग उरलं तर तुमचं."

"उरलेलंच तर शेतकऱ्याचं असतं," रामकिसन म्हणाला. "वजा करूनच उरतं. ते नव्वद म्हंजी वजा करून उरलेलं. मंग त्याच्यात परत कर्ज कावून मिळवायचं? उलटा हिशोब हाय तुझा."

कौशल्याने पेन्सिल उचलली. वर्गात ती हे फळ्यावर लिहायची, पोरं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, आणि तिला कुणी असं उलट विचारलं नव्हतं. तिने पेन्सिलीने एक चौकोन काढला, त्यात दोन भाग केले, पुसले, पुन्हा काढले. बापलेक दोघंही हट्टी. बायनाबाईने मध्ये शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणून ठेवली. ती तशीच राहिली.

ऊन उतरायला लागलं तसा रामकिसन उठून वेशीपर्यंत गेला. डोकं तापलं की तो चालायचा. वेशीपुढे उताराची वाट आहे, छावणीवरून वर येणारी. आसारामची बैलगाडी पाण्याची पिंपं घेऊन त्या चढावर आली होती. चढ ऐन तोंडावर उभा आहे. तिथे बैल नेहमी अडतात. आसाराम खाली उतरून चाकाला खांदा लावत होता. रामकिसनने सवयीने पिंपं बघितली. पाणी आठशे लिटर, म्हणजे आठ क्विंटल, हे मनात आपोआप उमटलं. पाणी तोलून झालं. त्याचं काम संपलं होतं.

पण बैल अजून तिथेच होते. माना खाली, गुडघे दुमडलेले, खूर मुरमात रुतवत ते ओढत होते. आणि रामकिसनला पहिल्यांदाच, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, गाडी दिसली. लाकडी साटा, लोखंडी आस, जाड टायर. ती सगळी त्या बैलांच्या खांद्यावर होती. आठ क्विंटल पाणी त्याच्यासाठी. बैलांसाठी पाणीही आणि गाडीही. त्याने आयुष्यभर जी गाडी वजा केली, ती बैलांनी कधीच वजा केली नव्हती.

"नाना, बघत काय बसलात? लावा की हात!" आसाराम ओरडला.

रामकिसनने मागून हात लावला. गाडी वर आली. बैलांच्या तोंडाला फेस होता. आसारामने एकाच्या कपाळावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "बास झालं गड्याहो. उद्या सुटले तुमी." बोलताना तो रामकिसनकडे बघत नव्हता.

रामकिसन घाईघाईने घरी आला. कौशल्या अजून पेन्सिल चावत होती.

"कमाई म्हंजी बैल," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "बैल नुसता ऊस वढत न्हाई, भरलेली गाडी वढतो. शेअर म्हंजी ऊस. कर्ज म्हंजी गाडी. मी नुसता ऊस तोलला आन् बैलाला विचारलं, झेपंल का. झेपंलच की! गाडी कोन धरणार?"

कौशल्याने पेन्सिल खाली ठेवली. तिचा चेहरा हळूहळू उजळला. "आणि रोकड?"

"रोकड म्हंजी वरची कडब्याची पेंढी. ती उतरवून तोलायची. ती घेणाऱ्यालाच कामी येनार, तिचं ओझं कारखान्याच्या नावावर कावून मांडायचं? किती हाय?"

"दहा कोटी."

"आन् गोदामातली साखर? तीबी उतरव."

"ती नाही उतरवायची," कौशल्या म्हणाली. "साखर म्हणजे माल. तो विकत राहिला तरच धंदा चालतो. शिवाय ती बँकेकडे तारण आहे."

"खरंय. ती पेंढी न्हाई, ती गाडीतच हाय," तो पुटपुटला. आता दोघंही ओट्यावर बसून घास घास भाकरी खात होती आणि चटणीच्या बोटांनी कागद पिवळे होत होते. नव्वद अधिक चारशेवीस, वजा दहा. पाचशे कोटी. नवा कारखाना चारशेत उभा राहतो, आणि हा जुना पाचशेला.

कौशल्याने दुसऱ्या एका साखर कंपनीचे आकडेही आणले होते. तेवढंच गाळप. शेअर एकशेदहा रुपयाला, म्हणून पंडितने तिच्याकडे बघितलंही नव्हतं. शेअर तीनच कोटी, म्हणजे तीनशेतीस. कर्ज चाळीस, रोकड तीस. सगळी मिळून तीनशेचाळीस कोटी. व्याज, कर आणि घसारा जाण्याआधीची कमाई दोन्हीकडे सारखीच, वर्षाला पन्नास कोटी.

"म्हंजी नऊ रुपयावाली महाग, आन् एकशेधा रुपयावाली स्वस्त," रामकिसन म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "कौशल्या, आसाराम उद्या जोडी ईकणार हाय. माझ्या सांगण्यावर."

"मग आजच जाऊन सांगा."

"सांगतो. पण त्यांला सांगायचं काय? मी चुकलो म्हणून?"

बापाने कधी पावती फाडून दुसरी लिहिलेली कौशल्याला आठवत नव्हती. तिने कागद गोळा करून त्याच्या हातात दिले. "आणखी एक खरं ते सांगते नाना, म्हणजे तुम्ही अर्धवट बोलणार नाही. साखरेला भाव आला तर हाच कर्जाचा शेअर जोरात वर जाईल. शेअरचा हिस्सा लहान आहे ना, धंद्याचं मोल थोडं वाढलं तरी तो एकदम दुप्पट दिसतो. आणि भाव पडला तर तसाच पुसलाही जातो."

रामकिसनने मान डोलावली. कागद मात्र त्याने तिथेच ठेवले.

मांडवात चहा चालला होता. पंडित, त्याचा बाप, आसाराम, छबुबाई, आणि इतर पाच-सात जण. रामकिसन आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसला नाही.

"परवा मी एक वजन सांगितलं," तो म्हणाला. "ते चुकीचं हुतं."

कुणाला आधी कळलंच नाही. मग पंडित हसला. "काय नाना, बायनाकाकीनं तंबी दिली का?"

"ती तर रोजच देती. ऐक." आणि त्याने सांगितलं. गाडी, ऊस, कडबा, बैल. हातवारे करून, जमिनीवर काडीने रेघा ओढून. आसाराम मांडी घालून बसला होता, त्याची मान हळूहळू खाली गेली.

"आता सांगताव व्हय नाना?" तो म्हणाला. आवाजात राग होता. "म्या व्यापाऱ्याला सबूद देऊन आलोय. निम्मी रात झोपलो न्हाई, जनावरं जानार म्हणून. आन् तुमी म्हणताव वजन चुकलं. तुमचं कसं काय चुकतंय?"

"चुकलं. जन्मभर गाडी वजा करायची सवय. डोळ्याला गाडी दिसतच नव्हती."

"पण नाना," पंडित सरसावला, "पाऊस बरा झाला, साखर वाढली, तर हाच शेअर उडणार. मंग काय म्हणाल?"

"उडंल बी. कौशल्याबी तेच म्हणली. मी भाव सांगत न्हाई पंडित, मी वजन सांगतो. परवा भाव सांगाया गेलो म्हणूनच तोंडावर पडलो. ज्यांला घ्यायचंय त्यांनी घ्यावं. पण नाना स्वस्त म्हणले म्हणून घेऊ नका. स्वस्त न्हाई ते."

छबुबाईने चहाची फुलपात्रं गोळा करायला घेतली. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "न्हाईतर उद्याच्याला पानी काय त्या मोबाईलमधून वतून घ्यायचं हुतं का?"

या वेळी हसणारे कमी होते. आसाराम उठून बैलांकडे गेला. जाताना त्याने रामकिसनकडे बघितलं नाही.

रविवारी रामकिसन नेहमीपेक्षा लवकर काट्यावर गेला. बाजाराला जाणारे लोक उजाडताच निघतात. माळावरून एक-दोन जनावरं दोरीने धरून माणसं रस्त्याला लागली होती, पायांनी धूळ उडवत. त्याने मान वर करून बघितलं नाही. चारा तोलत राहिला. एकेकाला देत राहिला. उन्हाची तिरीप काट्याच्या पत्र्यावर आली तेव्हा समोर कुणीतरी उभं राहिलं.

"दोन बैलांचा टाका," आसाराम म्हणाला.

रामकिसनने चारा टाकला. हात जरा सैल पडला असावा, पारडं खाली गेलं.

"नाना, जास्ती झालं," आसाराम म्हणाला. "बराबर द्या."

जास्तीचा चारा काढताना रामकिसनला हसू आवरलं नाही, आणि आसारामलाही.

त्या उन्हाळ्यानंतर पाऊस झाला. चांगला झाला. छावणी उठली, माळावर गवत आलं. उसाची कमी होती म्हणून साखर महाग झाली, आणि दिवाळीच्या आत गोदातीर शुगर्सचा शेअर अठरा रुपयांवर गेला. पंडितने घेतले होते. त्याने निम्मे विकून नवी मोटरसायकल घेतली आणि ती मुद्दाम रामकिसनच्या दारावरून नेली. उरलेले त्याने ठेवले. ते पुढे तेरावर आले, मग चौदावर, आणि तो ते बघत बसला.

"नाना, तुमच्या खरेपणापायी माझी मोटरसायकल गेली," पेरणीच्या वेळी बांधावरून आसाराम ओरडायचा.

"मंग आता मोटरसायकलनंच पेर!" रामकिसन इकडून ओरडायचा. पांढरी जोडी मधून चालत असायची, ओल्या मातीत खूर रुतवत.

लोक चिडवायचे. नानांनी नऊचे अठरा होऊ दिले नाहीत, असं हसत म्हणायचे. रामकिसनला त्याचं वाईट वाटत नव्हतं. शेअर दुप्पट झाला हे खरं, आणि त्या दिवशी तो स्वस्त नव्हता हेही खरंच. दोन्ही गोष्टी एका काट्यावर मावतात, हे त्याला पटलं होतं. आणि चेष्टा करणारेच लोक कुणी जुना ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं, कुणी दुकान चालवायला घ्यायचं म्हटलं, की त्याच्या ओट्यावर येत. तो आधी विचारायचा, "त्याच्यावर कर्ज किती हाय? आन् वरची पेंढी किती?"

फंडाच्या पैशांतून म्हशींचं शेड झालं. एकशेदहावाल्या कंपनीचे थोडे शेअर कौशल्याने बापाच्या नावावर घेतले. वर्षाअखेरीस त्यावर लाभांश जमा झाला आणि पोस्टाने जाडजूड अहवाल आला. बायनाबाईने पाकीट हलवून बघितलं.

"साखर न्हाई का ह्याच्यात?"

"न्हाई गं."

"मंग भिंतीवरचा बरा," ती म्हणाली, आणि चौकटीवरची धूळ पदराने पुसली.

त्याच्या पुढच्या साली कारखान्याचं धुराडं पुन्हा पेटलं. पहिली मोळी टाकून गाळप सुरू करायच्या दिवशी सभासद म्हणून रामकिसन गेला. काट्याच्या खिडकीत आता दुसरा माणूस होता, समोर संगणक होता. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली. चौथी की पाचवी गाडी आसारामची. पांढऱ्या बैलांच्या शिंगांना गोंडे बांधलेले, ऊस साट्याच्या वर माणूसभर रचलेला, आणि त्याच्यावर कडब्याची हिरवट पेंढी.

रामकिसनचं तोंड सवयीने उघडलं. पण गाडी काट्याला टेकायच्या आधीच आसारामने पेंढी खेचून खाली टाकली, घागर सोडून बाजूला ठेवली, आणि बैलांच्या पुढे येऊन, खिडकीकडे नव्हे तर गर्दीत उभ्या असलेल्या रामकिसनकडे बघून विचारलं,

"घेऊ का नाना?"

"घे," रामकिसन म्हणाला.